उभ्या पोलिसाशी न बोलणाऱ्या सिस्टर

सिस्टर उभ्या पोलिसाशी बोलतच नसत. शिपाई असो की साहेब, आधी फरशीवर बसायचं. "तुझ्या पट्ट्याच्या बकलाशी काय बोलू मी? बस खाली, मेल्या," म्हणायच्या. अख्खी बॅच पोटं सांभाळत मांडी घाले, तेव्हा कुणाच्या पँटची शिवण उसवते ते पाहायला मी मुद्दाम पुढे बसायचो.

सिस्टर म्हणजे मनोरुग्णांच्या इस्पितळात जन्म काढलेली मालवणकडची नर्स. रिटायर झाल्यावर दर शनिवारी गोरेगावात एका हॉलमध्ये त्या पोलिसांना शिकवायच्या. कुणाचं डोकं फिरलं, कुणी जीव द्यायला निघालं, तर त्याच्याशी कसं वागायचं ते. सरावाला खोटा पेशंट लागायचा, तो मी. शिक्षण चौथी. पण चाळीस वर्षं स्टुडिओत काम केलंय, आणि पडद्यावर माझ्यासारखं मेलेलं कुणी पडून दाखवावं. याच बाईंनी पुढे मला खरोखरचं मरू दिलं नाही, म्हणून हे लिहितोय. नाहीतर मला लिहायची हौस नाही.

पहिल्या दिवशी मी केस पिंजारले, डोळे फिरवले, गडगडाटी हसलो. पोलीस खूश. सिस्टर म्हणाल्या, "हिरो, पोटात मुरडा येतोय काय रे?"

मी भडकलो. म्हटलं, "सिस्टर, हे काम मी मोठमोठ्या पिक्चरमध्ये केलंय."

"तेच बघून हे पोलीस असे झालेत. खरा माणूस घाबरलेला असतो. तू नुसता घाबर."

मी दोन शनिवार रुसून गेलोच नाही. तिसऱ्या शनिवारी गेलो, कारण दुसऱ्या कुणाला घेतलं असतं तर त्याने कामाची वाट लावली असती.

सिस्टरचे नियम थोडेच. काठी दाराशी ठेवायची. एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गर्दी हटवायची. आणि पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव असलं काही विचारायचं नाही. "तक्रार लिहून घेतोयस काय? पाणी हवं का, विचार." पोलिसाला हे फार जड जातं. आमच्या चौकीचाच एक शिपाई होता, कुस्ती खेळलेला, सगळे त्याला पैलवान म्हणत. तो मिनिटभर गोड बोले आणि मग झडप घालून मला चितपट करी. सिस्टरनी त्याला तीनदा नापास केला. "अरे रेड्या, तुला बघून माणूस उडी मारायचा नसला तरी मारेल!" पैलवान मान खाली घाली, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा माझ्या बरगडीवर.

मग आमची ही गेली. महिनाभरात घर खायला उठलं. सिस्टर दोनदा येऊन गेल्या. मी "झकास आहे" म्हणून चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. एका दुपारी सात मजले चढून आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो आणि कठड्यावर पाय बाहेर सोडून बसलो. का, ते विचारू नका. समोरच्या इमारतीतल्या बाईने पोलिसांना फोन केला, आणि आला कोण? पैलवान.

मला पाहून तो हसलाच. "काय काका! सिस्टरनी पाठवलं ना? इथे गाठून परीक्षा घेताय काय माझी?"

त्याला वाटलं, त्याला पुन्हा नापास करायला आम्ही दोघांनी डाव रचलाय. मग गडी काय नेटाने वागला! काठी दाराशी ठेवली, जोडीदाराला गर्दी आवरायला खाली धाडलं, चार हात लांब मांडी घातली. "काका, पाणी हवं का?" हे खरं आहे असं कळलं असतं तर त्याने झडप घातली असती आणि माझा निकाल लागला असता. मी तोंड उघडलं नाही. त्याला ते माझं कसब वाटलं. "आज लई भारी करताय," म्हणाला. अर्ध्या तासाने त्याने सिस्टरना फोन लावला, "सिस्टर, सगळं तुमच्यासारखं केलंय. आता तरी पास करा."

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पैलवानाचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. पण जागचा हलला नाही पठ्ठ्या.

सिस्टर जोगेश्वरीहून रिक्षाने आल्या. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. धापा टाकत वर आल्या आणि पैलवानाशेजारी टेकल्या. पदराने घाम पुसला. मग म्हणाल्या, "हिरो, आज ॲक्टिंग नाय ना रे?"

मी 'नाही' अशी मान हलवली.

"बरं. पण मी बसलेय खरी, आता गुडघे मला उठू देणार नाहीत. ह्या रेड्याने ओढलं तर हात निखळून येईल माझा. तूच ये."

मी पाय आत घेतले. मग रडलो. किती वेळ, ते लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सरकारी इस्पितळात डॉक्टरांपुढे बसवलं. गोळ्या सुरू झाल्या. इमारतीत मी सांगून टाकलं की पोलिसांची प्रॅक्टिस होती. शेजारीण खोदून विचारायला आली, तर सिस्टर तिलाच म्हणाल्या, "मोठा कलाकार आहे हो तुमचा शेजारी!" मला मात्र एकदा म्हणाल्या, "त्या पोरांना खरं काय ते सांग. माझ्या बडबडीपेक्षा जास्त उपयोग होईल."

"मला वेडा म्हणवून घ्यायचं नाही."

"दर शनिवारी दुसरं काय करतोस रे?" म्हणाल्या, आणि विषय सोडला. पुन्हा कधी काढला नाही.

गेल्या वर्षी सिस्टर कुडाळला भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. पैलवानाने फोनवर सांगितलं. एवढा रेडा, पण त्याला धड बोलता येईना. पुढच्या शनिवारी नवे मास्तर आले, लॅपटॉपवाले. म्हणाले, "काका, करा सुरू." मी बॅचसमोर बसलो आणि गच्चीवरची सगळी हकिकत सांगितली. पैलवानाच्या परीक्षेला पोरं खदाखदा हसली, मग हळूहळू गप्प झाली. एका नव्या शिपाई पोरीने विचारलं, "काका, म्हणजे ती प्रॅक्टिस नव्हतीच?"

"नव्हती गं," मी म्हटलं. "मला मरायचं होतं."

एवढं वाक्य मी सिस्टरपुढेही कधी बोललो नव्हतो.