शांततेचा वाढदिवस

तमाम नातेवाईक आणि शेजारीपाजारी यांना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक गेल्या रविवारी जवळजवळ तासभर गप्प बसला.

हे घडले इंग्लंडात, लेकीच्या गावी. तिच्या शेजारच्या मार्गारेटबाई क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या. त्यांच्या जुन्या प्रार्थनाघराचा वाढदिवस होता, म्हणून आम्ही तान्ह्या नातीसकट गेलो. मला वाटले, बँड असेल, भाषणे असतील, निदान एखादा हार तरी! पण ही मंडळी उत्सवही आपल्या रीतीनेच करतात. समोरासमोर बाकांवर मुकाट बसायचे, आणि आतून अगदीच राहवले नाही, तर उठून दोन वाक्ये बोलायची.

एक आजोबा उठले. "आपल्या पणजोबांनी हे बाक घडवले. आपल्यानंतर यांच्यावर कोण बसणार?" एवढेच बोलून ते खाली बसले.

मी सभोवार पाहिले. डोकी मोजकी, सगळी पांढरी, आणि बाक लांबच लांब रिकामे. लेक परदेशी आल्यापासून आमच्या घरीही संध्याकाळी अशीच शांतता असते. फक्त तिला आम्ही प्रार्थना म्हणत नाही. आम्ही दोघे नवराबायको उगाच जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसतो.

तेवढ्यात नातीने भोकाड पसरले. लेक शरमेने लाल झाली आणि तिला उचलून दाराकडे धावली. मार्गारेटबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"अगं, बाहेर नको नेऊस तिला! किती वर्षांनी इथं कुणीतरी रडतंय!"