पडेल त्याने चहा पाजायचा

"क्षणभर वाटलं, नेहमीसारखंच झालंय. म्हणून आम्ही हसलो."

स्वयंपाकघराच्या पडद्याआड चहा गाळताना मी हे ऐकलं. बोलणारा दादाचा मित्र होता, दापोडीतल्या मोटार गॅरेजातला मेकॅनिक. दादा पिंपरीच्या नव्या कारखान्यात होता. दोघं मिळून एका लष्करी साहेबाच्या शिडाच्या बोटीवर शर्यतीला गेले होते, मुंबईहून थेट कोलंबोला. बोट पोचली. दादा पोचला नाही. तार आधीच आली होती. मित्र आज स्वतः सांगायला आला होता.

मला काही वाटत नव्हतं. एका कपाचा कान तुटलेला होता. तो मी बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

"हसलात?" आई म्हणाली.

"मंगलोरच्या पुढे होतो काकू. चांगलं ऊन होतं, वारा भरपूर. शीड बदलायला तो पुढे गेला, कमरेचा दोर सोडला आणि लाट आली, तो पाण्यात गेला. वर आला तेव्हा त्यानं एक हात वर केला. सुकाणू माझ्याकडे होतं."

"आन् तू फिरवलं न्हाईस?" शेजारच्या मावशींनी विचारलं. तार आल्यापासून त्या आमच्याकडेच होत्या.

"फिरवलं, मावशी. लगेच नाही."

"लगीच न्हाई म्हंजे? माणूस बुडतंय आन् ही हसत्यात! आरं, कुत्रं हिरीत पडलं तरी लोक दोर घिऊन धावत्यात."

"फिरवल्यावर खूप शोधलं. अंधार पडेपर्यंत शोधलं. लाटा मोठ्या होत्या."

"का?" बाबांनी विचारलं. "लगेच का नाही?"

मी ट्रे घेऊन बाहेर आले. त्याचे ओठ उन्हाने फुटले होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

का ते मला माहीत होतं. रविवारी दादा मला नदीवर न्यायचा. आई-बाबा कधी आले नाहीत. मी घाटाच्या पायरीवर पुस्तक उघडून बसायची आणि त्याच्या मित्रमंडळींच्या होड्यांची शर्यत बघायची. नदी तिथे रुंद आणि संथ. शर्यतीत कोणी पाण्यात पडला, तर त्याच्यासाठी होडी वळवत नसत. त्याने पोहत काठाला लागायचं, चिखल तुडवत घाटावर यायचं आणि रेल्वे फाटकाजवळच्या हॉटेलात सगळ्यांना चहा पाजायचा. होडीतून टाळ्या पडायच्या. "शेठ, आज भजी पण हवीत!" हा मित्रच सर्वांत मोठ्याने ओरडायचा. दादा फार वेळा पडायचा. पडला की आधी एक हात वर करायचा. म्हणजे मी ठीक आहे, तुम्ही चला.

हे सगळं दादाने ठरवलेलं. एकदा याच मित्राने त्याच्यासाठी होडी वळवली आणि हातातली शर्यत गेली, तेव्हा दादा दिवसभर त्याच्याशी बोलला नव्हता.

मित्र हे सांगू शकला असता. मी वाट पाहिली. तो कपाकडे बघत राहिला. दादाच्या माथी काही मारायचं नाही, असं तो घरून ठरवून आला असावा.

"चहा घ्या," बाबा ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "आणि निघा. पुन्हा या घरी येऊ नका."

तो चहा न घेता उठला. दारात वाकून चपला घालू लागला. आईने त्याच्याकडे पाठ केली.

तेवढ्यात मागून पुण्याकडची गाडी आली. आमचं घर रुळांना लागून, त्यामुळे गाडी जाईपर्यंत बोलणं थांबवायची सगळ्यांना सवय. मावशीही थांबल्या. तोही दारात तसाच उभा राहिला. भांडी थरथरली. इंग्रजी शाळेमुळे माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होई. ते मराठीत येईस्तोवर चारचौघांतलं बोलणं पुढे गेलेलं असे आणि मी गप्प बसे. आज गाडी लांब होती. मालगाडी असावी. ती गेली तेव्हा माझं वाक्य मराठीत तयार होतं.

"बाबा, नियम दादाचाच होता," मी म्हणाले. "पडलो तर वळायचं नाही. हात वर केला की पुढे जायचं. त्यानं हात वर केला होता."