अंडं, मग बेडुक

निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, तरी नानासो गुरुजींनी दोन गोष्टी सोडल्या नव्हत्या: खिशातले लाल पेन आणि एकदा दिलेला गुण न बदलण्याचा बाणा. जांभूळटेकच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. बेडकाचे जीवनचक्र तर ते फळ्याकडे न पाहता काढीत: अंडी, बेडूकमासा, पाय फुटलेले शेपटीवाले पिल्लू आणि बेडूक.

त्यामुळे शाळेच्या 'बोलक्या भिंती'वर पंधरा ऑगस्टपर्यंत हे चित्र हवे असे ठरताच गुरुजी रंगाचे डबे घेऊन साताऱ्याहून एस.टी.ने हजर झाले. व्हरांड्यातल्या भिंतीवर चारही टप्पे उमटले. बाण इतके रेखीव, की बेडकाला वाट चुकण्याची सोयच उरली नाही.

अनावरणाच्या आदल्या दुपारी सरपंच साळूबाई आल्या. त्या गुरुजींच्याच विद्यार्थिनी. सातवीच्या चाचणीत याच जीवनचक्रावरच्या चार गुणांच्या प्रश्नाला त्यांनी एका ओळीत उत्तर लिहिले होते: 'अंडं. मग बेडुक.' गुरुजींनी भोपळा दिला, वर लाल शेरा मारला, 'मधले कोठे गेले?' आणि तो वर्गाला वाचूनही दाखवला. पुढे कित्येक वर्षे गाव साळूला त्याच शेऱ्यावरून चिडवीत होते.

साळूबाईंनी काचेची बरणी पुढे केली. आत ओला पाला आणि त्यावर साबुदाण्यासारखी सात-आठ अंडी.

"गुरुजी, ह्यात पानी हाय का?"

"नाही. मग पिल्ले पोहणार कशी?"

"पवायचंच न्हाई त्यास्नी. भिंग लावा."

गुरुजींनी झाकण काढून लाल पेनाच्या टोकाने पाला सारला आणि भिंग धरले. साबुदाण्याच्या आत कोणीतरी लाथ मारली. अंडे फुटले आणि मुगाच्या डाळीएवढा बेडूक बाहेर आला. चारही पाय जागच्या जागी. बेडूकमाशाचा पत्ता नाही. तो सरळ पेनावर चढून बसला.

"अपवाद असेल," गुरुजी क्षीण आवाजात म्हणाले.

"आवं, आमच्या रानात लय हायती असली. तुमची बेडकं तळ्यातली, ही पाल्यातली. मदलं समदं अंड्यातच उरकत्यात." साळूबाई हसल्या. "मी बी तसलीच की! सदस्य न्हाई, उपसरपंच न्हाई, थेट सरपंच. माज्या इरोधात हुबा व्हता त्या हंबीररावानं परचाराच्या भाषणात इचारलंच, मदले कुठं गेले?"

गुरुजींनी भिंतीकडे पाहिले. उद्या साऱ्या गावासमोर पडदा सरकणार होता. चित्र चुकीचे नव्हते, अपुरे होते. आणि अपुऱ्या उत्तराचे पूर्ण गुण त्यांनी आजवर कोणालाही दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर पडदा सरकला. चार टप्प्यांच्या खाली नव्याने एक अंडे, एकच लांब बाण आणि इवलासा बेडूक होता. शेजारी लाल अक्षरांत लिहिले होते: 'साळूबाई, इयत्ता सातवी. चारपैकी साडेतीन.'

टाळ्या थांबण्याची वाट न पाहता साळूबाईंनी विचारले, "आन् अर्धा वो?"

"'बेडूक'मधला 'डू' दीर्घ असतो. तू ऱ्हस्व काढला होतास."

"दीर्घ? काल बरनीतला बगितलासा न्हवं? केवढा व्हता त्यो?"

गाव हसायचे थांबेना. गुरुजींनी खिशातले लाल पेन काढले आणि दोन दिवसांत दुसऱ्यांदा आपला गुण बदलला.