वकिलांच्या दिवाणखान्यातला नमस्कार

"पाहा, पाहा, हिच्या पोरीला बरोबर कळतं कोणासमोर वाकायचं ते!" वकीलबाई पाहुण्यांना म्हणाल्या आणि सगळा दिवाणखाना हसला.

माझी चिमी तेव्हा सहा महिन्यांची होती. अमरावतीत वकिलांच्या घरी मी धुणंभांडी करायची. वलगावहून रोज यायची, लेकरू संगतीला. नुकतीच झोपेतून उठलेली चिमी सतरंजीवर उशीला टेकून बसली होती. एकदम मान खाली गेली, ती कंबरेत वाकली, दोन्ही हात पुढं आले. पुन्हा तसंच. पुन्हा. थांबून थांबून दहा-पंधरा वेळा. बाईंनी कौतुकानं तिच्या ओठाला पेढा लावला.

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण तेच मला सगळ्यांत जास्त जाळतं. ओले हात पदराला पुसत हसले. मोठ्या घरात आपल्या लेकराचं कौतुक होतंय, अजून काय पाहिजे?

मग तो रोजचाच खेळ झाला. चिमी झोपेतून उठायच्या वेळेला कोणी आलं की बाई हाक मारायच्या, "आण गं तिला, नमस्कार करायला लाव." गावातही तेच. सासू म्हणायची, "मागच्या जन्माची भक्तीन हाये व माय." प्रत्येक वेळी शेवटी चिमी कळवळून रडायची. दमली असेल म्हणून मी तिला पाजायची. हळूहळू ती माझ्याकडे बघून हसेनाशी झाली. तेही मला कळलं नाही.

तिच्या पाठीवर, मांडीवर पांढुरके डाग होते, कडुनिंबाच्या पानाएवढे. सासूला वाटलं, कोड. "कोनाले दाखवू नको. उद्या लगन कराचं हाये पोरीचं." म्हणून भर उन्हाळ्यात मी तिला अंगभर कपडे घालायची. लस टोचणाऱ्या नर्सबाईलाही ते डाग दिसू दिले नाहीत.

चिमी वर्षाची झाली आणि एका दुपारी तिचे डोळे फिरले. अंग ताठ, तोंडाला फेस. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. अमरावतीच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात लहान लेकरांच्या मिरगीवर संशोधन चालू होतं. मेंदूच्या फोटोत गाठी निघाल्या. आजाराचं नाव ट्यूबरस स्क्लेरोसिस. डागही त्याचेच, कोड नव्हतंच. ते नाव मी येताना एसटीत पाठ केलं, कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून.

नमस्काराचं मी तिथं पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला मोठ्या सरांनी मला, नवऱ्याला आणि चिमीला वर्गात बोलावलं. तीसेक शिकाऊ डॉक्टर बसलेले. मला न विचारता एकानं चिमीचा फ्रॉक काढला, चड्डीही. खोलीत अंधार केला. निळसर दिवा तिच्या अंगावर धरला तसे ते डाग उठून दिसले. सर इंग्रजीत बोलत होते. चिमी थरथरत होती. मग दिवे लागले आणि सर मराठीत म्हणाले, "आता आईचं ऐका. म्हणे, पोरगी नमस्कार करायची!"

वर्ग हसला.

पुढच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. मी तिला विचारलं, "काहून हासून राहिले हे?"

ती हळूच म्हणाली, "ताई, ते नमस्कार नव्हते. झटके होते. तेव्हाच औषध मिळालं असतं तर..."

मला सगळे नमस्कार आठवले. सहा महिन्यांचे. माझी लेक आतून उद्ध्वस्त होत होती आणि मी ते लोकांना दाखवत फिरले. मला ओरडून रडायचं होतं. पण टेबलावर चिमी उघडी पडली होती. मी फ्रॉक उचलला आणि तिला घातला.

"सर, मी हासली तवा मले माहीत नोतं. तुमाले तं माहीत हाये."

"बाई, हे संशोधन आहे. तुमच्यासारख्यांच्याच भल्यासाठी चाललंय."

"मंग ते भलं मले मराठीत सांगा. तवापर्यंत फ्रॉक निघनार नाई."

नवऱ्यानं माझं कोपर ओढलं. "चूप बस व. औषध बंद करतीन ते." भीती मलाही होती, खोटं कशाला बोलू. पण मी कोपर सोडवलं आणि चिमीला कडेवर घेतलं. सरांनी चष्मा पुसला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर व्हरांड्यात त्या मुलीनं मला संमतीचा कागद मराठीत वाचून दाखवला. पहिल्याच दिवशी 'इथे सही करा' म्हणून पुढं केलेला, मी न वाचता सही केलेला. त्यात लिहिलं होतं की कधीही नाही म्हणता येतं. नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत. माझ्याच सहीच्या वर हे लिहिलेलं होतं.

चिमी आज सात वर्षांची आहे. झटके कमी झालेत. एकदाही तिनं मला 'आई' म्हटलेलं नाही, आणि कधीतरी म्हणेल असं कोणताच डॉक्टर सांगत नाही. वकिलांचं काम मी सोडलं. अंगणवाडीत जाऊन बायांना सांगते, लेकरू उठल्या उठल्या ओळीनं असं वाकत असेल तर टाळ्या वाजवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मी हसले होते, हेही सांगते. लाज वाटते, तरी सांगते.

अकोल्याला अजून जाते. संशोधनासाठी चिमीचं रक्तही घेऊ देते, कारण दुसऱ्या कुणाच्या लेकराला वेळेत औषध मिळालं पाहिजे. पण आधी मला विचारायचं, माझ्या भाषेत. त्याशिवाय तिच्या अंगाला हात लावायचा नाही. चिमीला 'नाही' म्हणता येत नाही. ते मी म्हणणार, कोणत्याही सरांच्या तोंडावर.