बारा बापांच्या लेकी

सासूबाई पुण्याला कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायच्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे फरीदाबादला आल्या आणि गच्चीवर मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवून बसल्या. मी लांबूनच बघायचे.

एका फेब्रुवारीत डावीकडच्या पेटीसमोर पांढरे, कडक दाणे पडलेले दिसले. खडूचे तुकडेच जणू.

"अळ्या आहेत या, बुरशीनं मेलेल्या," सासूबाई म्हणाल्या.

उजवीकडची पेटी हातभर अंतरावर. हवा तीच, फुलं तीच. पण तिच्यात रोगाचा मागमूस नव्हता.

"आई, औषध आणू?"

"नको. राणी बदलू."

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी मानेसरच्या पुढे माश्या पाळते. रविवारी तिच्याकडून काडेपेटीएवढ्या जाळीच्या डबीत नवी राणी आणली. सासूबाईंनी आजारी पेटीतली राणी शोधून काढली आणि चिमटीत धरून चिरडली. मी दचकले. त्यांचेही डोळे भरून आले होते.

"बिचारीला नर फार थोडे भेटले असावेत," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. राणी तरुणपणी उडत बाहेर पडते, हवेतच पुष्कळ नरांशी तिचं मीलन होतं आणि ते बीज ती जन्मभर पोटात जपते. म्हणून एका पेटीतल्या बहिणींचे बाप वेगवेगळे. एखादीला मेणाच्या झाकणाआडच्या आजारी अळीचा वास येतो, बाकीच्यांना येत नाही. बाप जितके जास्त, तितकी असं नाक असलेली एखादी लेक निपजण्याची आशा जास्त.

"बारा बापांची म्हणजे आपल्याकडे शिवी," त्या हसल्या. "इथे त्यावरच घर तगतं."

शेतातल्या मोहरीचा फुलोरा संपला, पेटीत नव्या राणीच्या लेकी दिसू लागल्या. एका सकाळी सासूबाईंनी चौकट उचलून मला जवळ बोलावलं. पहिल्यांदाच मी इतकी जवळ गेले. एक माशी पोळ्यातल्या एका बंद घरावर थांबली. कितीतरी जणी त्याच घरावरून चालत गेल्या होत्या. हिनं मात्र झाकण कुरतडलं, आतली अळी ओढून काढली आणि आपल्याएवढं ते ओझं फरफटत काठापर्यंत नेऊन खाली टाकलं.

"आजी, ये तो बिल्कुल डॉक्टर है!" माझी मुलगी ओरडली.

त्या माशीला हे कुणी शिकवलं नव्हतं. कधीच न पाहिलेल्या बापाकडून ते तिच्या अंगात आलं होतं.

"आणि ज्यांना वास येत नाही, त्या?" मी विचारलं.

"त्यांना दुसरं काही येत असेल. मला तरी कुठे सगळं कळलंय?"

पुढे दाणे पडायचे थांबले. मी अजूनही ऑफिसला निघण्याआधी गच्चीवर जाते.