न घेतलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट

नव्वदच्या दशकात आमच्या भागात ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याच्या मिशीला पीळ. आमच्या दारात मात्र तो हौसेखातर यायचा नव्हता. शिरोलीच्या फौंड्रीत वाळूची धूळ खाऊन खाऊन माझ्या थोरल्या भावाने, दादाने, छातीची वाट लावून घेतली होती. त्याच्या खोकल्याने सगळे घर जागे राही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, ते काम सोडा. मग ठरले की जुना ट्रॅक्टर घ्यायचा, घरचे रान करायचे आणि इतरांचे भाड्याने नांगरायचे. पण तोच ऐन हंगामात बंद पडून राहिला, तर दादाला पुन्हा भट्टीपुढे उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

कबनूरच्या एका यंत्रमागवाल्याचा ट्रॅक्टर आम्हा दोघा भावांच्या मनात भरला. नवा रंग, मडगार्डवर मोर, वर झालर, आत टेप. दादाने बैल बघावा तसा तो चारी बाजूंनी फिरून पाहिला, बॉनेटवर थाप मारली आणि खूश झाला. मी तर बेंदराच्या सणाला बैलांसारखे त्याला कसे सजवायचे तेही ठरवून टाकले. दुसरा होता शेजारच्या गावात. रंग उडालेला, सीट फाटलेली, ऊस ओढून दमलेला. तो आम्ही नुसता बघितल्यासारखे केले.

वहिनी बघायला आलीच नाही. ती रोज सकाळी डेअरीत दूध घालायला जाई, आणि तिथल्या बायकांच्या रांगेत पंचक्रोशीतली कुठलीच गोष्ट झाकून राहत नसे. आठवडाभर तिने एकच चौकशी केली: तुमच्याकडचा बंद पडला तर चालू व्हायला किती दिवस लागतात? मोरवाल्याच्या कंपनीचा एक ट्रॅक्टर पार्टची वाट बघत अख्खा पावसाळा कुणाच्या तरी गोठ्यात उभा होता, त्यावर कोंबड्या बसत. रंग उडालेल्याच्या कंपनीबद्दल तक्रारी भरपूर होत्या, पण प्रत्येक तक्रार शेवटी ‘दुसऱ्या दिवशी झाला चालू’ इथे येऊन थांबे.

एवढ्यावर गप्प बसेल ती वहिनी कसली. मला घेऊन ती शहरात, शाहूपुरीत, त्या कंपनीच्या डीलरकडे गेली, थेट पार्टच्या काउंटरवर. जुन्या मॉडेलची क्लच प्लेट मागितली. तिथल्या माणसाने ती फळीवरून काढून पुढ्यात ठेवली आणि ट्रॅक्टर कुणाचा म्हणून विचारले.

"अजून घेतल्याला न्हाय. घेतल्यावर तुमी वळख देताय का, ते बघाय आलोय."

मला कुठे तोंड लपवू असे झाले. तो मात्र हसला, चहा मागवला आणि फिटर कुठल्या कुठल्या गावांत येतो ते नीट सांगितले. मोरवाल्याच्या डीलरकडे मात्र आम्हाला ऑर्डर देऊन जायला सांगितले, माल आला की कळवू म्हणाले. वहिनी तशीच पायऱ्या उतरली.

घरी दादाने तोंड फुगवले. असला भंगार दारात उभा केला तर चारचौघांत मान खाली घालावी लागेल म्हणाला.

"मोर काय नांगर वडणार हाय व्हय?" वहिनी म्हणाली. रंग उडालेला आला.

पहिल्याच गळीत हंगामात, कारखान्याच्या रस्त्यावर, भरल्या ट्रॉलीसकट क्लच गेला. दादा रस्त्याकडेला बसला आणि आता परत फौंड्रीच, म्हणाला. निरोप मिळताच माझ्या मोटरसायकलवरून आलेल्या वहिनीने त्याच्या हातात भाकरी ठेवली आणि मला शाहूपुरीला पिटाळले. काउंटरवरच्या माणसाने मला लगेच ओळखले, वहिनींचा ट्रॅक्टर का, असे विचारले आणि प्लेट घेऊन फिटरला माझ्याच मोटरसायकलवर बसवून दिले. दुसऱ्या दिवशी ऊस कारखान्यात पोचला. फौंड्रीचे नाव घरात पुन्हा निघाले नाही.

आजही दादा रानात हिंडताना दिसला की मी मनातल्या मनात वहिनीपुढे वाकतो. त्या शाहूपुरीच्या माणसापुढेही.

त्या हंगामानंतरच्या श्रावणात एका सकाळी भाकरी थापता थापता वहिनीचा हात थांबला.

"व्हय रं, ह्यांचा खोकला ऐकून किती दिस झालं?"

मी आठवू लागलो. आठवेना. दादा अजून आत झोपलेला होता. आम्ही दोघे कान देऊन बसलो, आणि तव्यावरची भाकरी करपली.