आक्कांचे दहा आणि कॅमेऱ्याचे दहा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास न्हाई. ओढ्याजवळच्या चिंचेखाली कुणाला बाई उभी दिसली असं कानावर आलं, की दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच चिंचेखाली बसून डबा खाणारी मी. या सदरातले तुमचे अनुभव आवडीनं वाचते, पण मनात म्हणते, काहीतरी कारण असंलच. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली… आणि कारण काही सापडून न्हाई राह्यलं.

मी घनसावंगीला राहते. उसाच्या गाड्या जातात त्या रस्त्याला घर. पुढं अंगण, डाव्या हाताला धान्याची खोली, खोलीच्या दाराशी कडुनिंब. जे झालं ते याच अंगणात, सकाळी साडेनऊला. अंधार न्हाई, अमावस्या न्हाई, लख्ख ऊन!

शिक्षण माझं सातवी. मुलानं, विलासनं, नवा कॅमेरा घेतला आणि जुना डीएसएलआर माझ्याकडं टाकला. म्हणाला, "आई, ऑटोवर ठेव आन् बटन दाब. बाकी कशाला हात लावू नको." मी सगळ्याला हात लावला. पुतणीच्या हळदीचे फोटो पुसट आले, तेव्हा कळलं की लेन्सच्या बाजूला एक बारीक खटका असतो, तो चुकून सरकला की कॅमेरा आपलं आपण फोकस करत न्हाई. एकदा तर कार्ड विलासच्या लॅपटॉपमध्येच राहिलं आणि मी दिवसभर रिकामा कॅमेरा घेऊन शहागडच्या पुलावर बगळे टिपत होते! पण शिकले.

अडचण एकच, माझे हात कापतात. म्हणून मी स्टँड लावते आणि टायमर. बटन दाबलं की पुढचा लाल दिवा उघडझाप करतो, टिक… टिक… आठ सेकंद. शेवटचे दोन सेकंद घाईनं, टिकटिकटिक, आणि मंग खटॅक. बराबर दहा. कमी न्हाई, जास्त न्हाई.

आता आक्का. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. चाळीस वर्षं आम्ही एका चुलीवर काढली. घरातलं धान्य मापायचं काम त्यांचं. पायली भरायची, हातानं सारखी करायची, ओतायची, आणि मोजायचं. आमच्याकडं माप मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन… आक्कांच्या जिभेवर ते इतकं बसलेलं की नातवंडांना आकडेसुद्धा तसेच शिकवले. शाळेत पोरगं उठून "लाभ, दोन" म्हणालं, बाईंनी आम्हाला बोलावणं पाठवलं!

फोटोला बसल्या तरी तेच. लाल दिवा लागला की "लाभ, दोन, तीन" सुरू. आणि त्यांचा हात मापाला चालायचा त्याच चालीनं तोंड चालायचं. त्यांचे दहा म्हणजे घड्याळाचे सात. दहा म्हणाल्या की पदर झटकून उभ्या! मंग कॅमेऱ्याचा खटॅक. एक्केचाळीस फोटो आहेत माझ्याकडं आक्कांचे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उठताना. तोंडाच्या जागी नुसता पदराचा फराटा.

"आक्का, उठू नका ना वो!"

"दहा झाले की गं."

"तुमचे झाले. कॅमेऱ्याचे न्हाई झाले."

"मंग त्याला मोजायला शिकव," म्हणायच्या आणि चुलीकडं निघून जायच्या.

हसण्यावारी गेलं सगळं. मागच्या उन्हाळ्यात मात्र आक्कांच्या छातीचं दुखणं वाढलं. जालन्याच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, आणि खात्री काही दिली न्हाई. निघायच्या दिवशी त्यांची लेक मंदा आल्ती. जीप दारात उभी. आणि आक्का धान्याच्या खोलीच्या दाराशी पाट टाकून बसल्या.

"मी फोटो काढल्याबिगर हलणार न्हाई."

मंदा रडकुंडीला आली. "माय, ही काय येळ आहे का?"

"हीच येळ आहे. वोटर कार्डाचा फोटो पाह्यलास का माझा? कोंबडी चोरताना धरल्यावानी दिसते. माघारी आले तर ठीक. न्हाई आले तर तुम्ही तोच मोठा करून भिंतीवर लावताल. मला बिलकुल न्हाई चालायचं. सुमे, आण तुझा डबा."

मी आत पळाले. कॅमेरा उघडला तर बॅटरीचं चिन्ह लाल, लुकलुकून राह्यलेलं. लाइट पहाटेपासून गेलेली, चार्जिंग कुठून करणार? एक फोटो निघंल, फार तर दोन. पण मी मनाशी ठरवलं, आज निघणार म्हणजे निघणार. मंदाला म्हणाले, तू मोबाइलवर व्हिडिओ तरी घे, काहीतरी राहील.

जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. "मावशी, जल्दी करा, अंबडला गर्दी लागंल!"

"लागू दे!" आम्ही दोघी जावा एकदमच ओरडलो.

स्टँड लावला. खटका तपासला. फोकस धरला. "आक्का, आज तरी उठू नका."

"न्हाई उठत. उठवतंय कुठं?"

बटन दाबलं. टिक… टिक…

"लाभ," आक्का म्हणाल्या. दम लागला. "दोन." पुन्हा दम. आज त्यांची ती चाल नव्हती. तीन म्हणेस्तोवर माझ्या मनात सात होऊन गेले. मी डोळे मिटले, म्हटलं, आता मधेच खटॅक होणार आणि धाप लागलेलं तोंड येणार.

खटॅक झालं न्हाई.

टिक… टिक… दिवा चालूच. "पाच… सहा… सात…" आणि सातावर आक्कांना खोकला आला. वाकल्या, तोंडाला पदर लावला, भिंतीला हात टेकला. मंदा पुढं धावली, तिला आक्कांनी हातानंच थांबवलं. केवढा वेळ गेला! मी कॅमेऱ्याकडं पाहून राह्यले. तो आपला संथपणे टिक… टिक… दाराशी थांबलेल्या माणसावानी.

आक्का सरळ झाल्या. पदर नीट केला. "आठ," म्हणाल्या. "नऊ…" आणि तेव्हा, तेव्हाच, दिवा घाईला आला. टिकटिकटिक.

"दहा."

खटॅक.

आणि कॅमेरा बंद पडला. बॅटरी संपली.

आक्का माझ्याकडं पाहून हसल्या. "शिकला बघ," म्हणाल्या.

जालन्याहून आक्का परत आल्या न्हाईत.

तेरावं झाल्यावर मंदानं तिचा व्हिडिओ विलासला दाखवला. बटन दाबल्यापासून खटॅकपर्यंत एक मिनिट एकोणीस सेकंद! त्यानं तीनदा पाहिला. आधी म्हणाला, सेटिंग बदललं असंल. सेटिंग दहाचंच होतं, आणि एवढा लांब टायमर त्या कॅमेऱ्यात मुळात न्हाई. मंग म्हणाला, फोकस शोधत असंल. पण फोकस लागल्याशिवाय दिवा सुरूच होत न्हाई, हे त्यालाच मी शिकवलं. मंग म्हणाला, बॅटरी मरायला टेकली होती, त्यामुळं. अरे, मरायला टेकलेली बॅटरी बंद पडंल का मिनिटभर जास्त चालंल?

मी सोडून देणारी न्हाई. त्याच दाराशी, त्याच पाटावर, बॅटरी तशीच लाल होऊ देऊन किती वेळा करून पाहिलं. मोठ्यानं मोजते, लाभ, दोन, तीन… आणि सातावर मुद्दाम थांबते. कॅमेरा थांबत न्हाई. दहा सेकंद झाले की खटॅक, सात म्हटलेलं माझं तोंड टिपून मोकळा. जालन्याच्या दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिला, म्हणाला, "काकू, घड्याळासारखा चालतो, काही दोष न्हाई."

मला भूत दिसलं न्हाई, आवाज आला न्हाई. माझा विश्वास आजही बसलेला न्हाई. तुमच्यापैकी कुणाला कारण ठाऊक असंल तर जरूर कळवा, फक्त सेटिंग म्हणू नका. ते मी पाहिलंय.

फोटो मोठा करून बैठकीत लावलाय. बेचाळिसावा. पदर जागेवर, डोळे उघडे, कडुनिंबाची सावली खांद्यावर. येणारे म्हणतात, आक्का हसून राह्यल्या जणू. हसत न्हाई त्या. जवळ जाऊन नीट पाहा, तोंड जरासं उघडं आहे.

दहा म्हणून राह्यल्यात.